थोरलीच्या चोवीस नकला

२७ ऑक्टोबर २०२५

सगळ्यांची दिवाळी गेल्या आठवड्यात झाली, माझी आज झाली. पुण्याहून फोन आला! सरकारी भरतीच्या ऑनलाइन परीक्षा घेणारी जी कंपनी आहे, तिथल्या शुभदा मॅडमचा. आवाज एकदम इस्त्री केलेला. म्हणाल्या, "धम्मशीला मॅडम, चौदा नोव्हेंबरला मी स्वतः ताडकळसला येते. तुमच्या सगळ्या मशीनवर एकाच वेळी चाचणी परीक्षा होईल. पास झालात तर परीक्षा केंद्र मंजूर. नाहीतर यंदा दुसरी संधी नाही."

मी म्हटलं, या की, खुशाल या. फोन ठेवला आणि लॅबमध्ये एकटीच नाचले.

ताडकळसला केंद्र झालं तर काय होईल, हे पुण्यातल्या मॅडमला काय कळणार! आमच्या पोरी अभ्यास करतात, फॉर्म भरतात आणि परीक्षा येते नांदेडला नाहीतर संभाजीनगरला. सकाळी सातला गेटवर हजर. कोण नेणार? अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. हॉलतिकीट हातात घेऊन पोरगी घरात बसते आणि वर्ष जातं. पंकजाचं गेल्या वर्षी हेच झालं. माझ्या क्लासमधली सगळ्यात हुशार पोरगी. आता तिची आई गोजरबाई म्हणायलीय, "परीक्षाच द्यायला मिळंना तर हितं ठिवून काय करू? चल माझ्यासंगं कारखान्यावर." पंधरा दिवसांत त्यांची टोळी निघेल. केंद्र झालं तर पंकजा राहील. न्हाई झालं तर तिच्या हातात कोयता येईल, हे मला लख्ख दिसतंय.

लॅबची मला फिकीर न्हाई. पंचवीस मशिनी आहेत. जुन्याच घेतल्यात, पण एक मशीन मी आणि परभणीच्या कॉम्प्युटरवाल्या आदिनाथनं मिळून अशी घडवली की बस्स! मराठी कीबोर्ड, टायपिंगचा सराव, सगळं जागच्या जागी. तिला आम्ही थोरली म्हणतो. मग थोरलीची डिस्क जशीच्या तशी बाकी चोवीस मशिनींवर उतरवली. कुठल्याही खुर्चीत बसा, फरक कळणार न्हाई. ह्याला म्हणतात काम.

२९ ऑक्टोबर

तोंडघशी पडले.

कंपनीनं परीक्षेचा प्रोग्रॅम पाठवला तो सगळीकडं घातला. पंकजाला पहिल्या मशीनवर बसवलं. सर्व्हरच्या पडद्यावर तिच्या मशीनचा हिरवा चौकोन आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या मशीनवर नीलम बसली. हिरवा चौकोन तोच! आणि पंकजा बाहेर फेकली गेली. पंकजा आत आली की नीलम बाहेर. तिसरी बसली की दोघी बाहेर. संध्याकाळपर्यंत हाच संगीत खुर्चीचा खेळ चालला. शेवटी मी माउस आपटला. बरा निघाला, तुटला न्हाई.

त्यात आत्याबाई. माझ्या सासूबाई, सरजाबाई. लॅब घराच्या पुढच्या हॉलमध्ये आहे हीच चूक झाली. रोज दुपारी गल्लीतल्या बायका गोळा करून आणतात आणि भिंतीला टेकून बसतात. टोळीबरोबर जाणाऱ्या बायका, गोजरबाई, सगुणाबाई, सगळ्या. पोरींकडं टक लावून बघतात आणि कुजबुज करतात. मी म्हटलं, "आत्याबाई, हितं काय शिनेमा हाय का?" तर म्हणतात, "बसू दे की. तुझं काय खायल्यात का त्या?" डोक्याला ताप नुसता.

एक बरं आहे. आमची लॅब उघडते ती थोरलीवर वंदना लावून. त्रिशरण, पंचशील. कुठल्याही घरची पोरगी असो, हात जोडून उभी राहते. हल्ली मी चहा घेऊन पोचायच्या आत वंदना सुरू असते. पंकजा लवकर येऊन लावत असणार. गुणाची पोर.

३१ ऑक्टोबर

सापडलं! सगळ्या मशिनींचं नाव एकच आहे! सर्व्हरनं तरी कुणाला ओळखायचं? आपल्या गावात मुंजाजी म्हणून हाक मारली तर चार जण वळून बघतात, तसं झालं.

मग आज सगळ्यांना वेगवेगळी नावं द्यायचं ठरवलं. आत्याबाईंनी ऐकलं आणि चुलीवर हरभरे शिजत घातले. "नाव ठिवायचं म्हणजे बारसं. घुगऱ्या नकोत का?" मी कपाळाला हात लावला, पण पोरींना एवढं हसू आलं की म्हटलं जाऊ दे. एकेका पोरीनं एकेक मशीन घेतली. मला वाटलं, नट्यांची नावं देतील. पोरींनी आपापल्या आयांची नावं टाइप केली. सगुणा. रेणुका. पंकजानं आपल्या मशीनला गोजर नाव दिलं आणि भिंतीशी बसलेल्या आईला हात धरून दाखवायला आणलं.

गोजरबाईला वाचता येत न्हाई. तिनं काचेवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं आणि तशीच निघून गेली. घुगऱ्या पण घेतल्या न्हाईत. नाराज झाली बहुतेक. आईचं नाव मशीनला देतात का म्हणून राग आला असेल. मी पंकजाला दटावलं, विचारून तरी द्यायचं.

१ नोव्हेंबर

नावं देऊन काय झालं? काही न्हाई. गोजर आत आली की सगुणा बाहेर.

आदिनाथला फोन लावला. तो जेवत होता, मी काही त्याला जेवू दिलं न्हाई.

"ताई, नाव वरचं असतंय," तो घास गिळत म्हणाला. "आत एक लांबलचक नंबर असतोय. मशीन पहिल्यांदा जागी होती तवा आपली आपुन तयार करती. ती तिची खरी ओळख. आपुन थोरलीची डिस्क उतरवली, संगट तिचा नंबर बी उतरला."

"मग इतके दिवस कशा चालल्या?"

"इतके दिवस कुणी इचारत नव्हतं. नवीन अपडेट आल्यापासून मशिनी एकमेकीला इचारायल्यात. आन् परीक्षेचा सर्व्हर तर लय चौकस."

म्हणजे माझ्या चोवीस मशिनी थोरलीचंच आधार कार्ड घेऊन फिरायल्यात. आणि मी घुगऱ्या वाटत बसले. इतकी चीड आली! आदिनाथवर आली, अपडेटवर आली, स्वतःवर तर लयच आली. "ह्याला म्हणतात काम" असं परवा मीच लिहून ठेवलंय, ते पान फाडावंसं वाटतंय.

४ नोव्हेंबर

उपाय आहे. आदिनाथ मोटरसायकलवर आला, चहा पिला आणि थोरलीसमोर बसला. तिची आतली ओळखच पुसून टाकली. थोरली कोरी झाली आणि आपोआप बंद झाली. आता ही कोरी डिस्क सगळीकडं उतरवायची. मग प्रत्येक मशीन पहिल्यांदा उठेल तेव्हा आपली ओळख आपण तयार करेल. उठल्यावर देश कोणता, भाषा कोणती असले प्रश्न विचारत बसू नये म्हणून उत्तरंही त्यानं आधीच भरून ठेवली.

"फकस्त एक ध्यानात ठिवा ताई," तो म्हणाला. "आता थोरलीला हात लावायचा न्हाई. एकदा जरी चालू झाली, तर नवी ओळख करून बसंल. मग आपुन परत तीच चोवीस ठिकाणी उतरवू."

डिस्क कॉपी करायचा त्याचा डबा परभणीत एका गिऱ्हाइकाकडं आहे. उद्या पहिल्या एसटीनं जाऊन मीच आणते. सगळ्या पोरींना बजावलं, थोरलीकडं बघायचं सुद्धा न्हाई. पंकजाला दोनदा सांगितलं.

रात्री जेवताना आमचे सर म्हणाले, "आईलाही सांगून ठेव." आमचे सर म्हणजे माझा नवरा सिद्धोधन, पिंगळीच्या शाळेवर शिक्षक आहेत, त्यामुळं सगळ्यांना सगळं सांगायची सवय. मी म्हटलं, "आत्याबाईंचा काय संबंध? टीव्हीचा रिमोट धड येत न्हाई त्यांना." सरांनी आणखी एक भाकरी वाढून घेतली.

६ नोव्हेंबर

लिहायची इच्छा न्हाई, पण लिहिते.

काल डबा घेऊन आले. थोरली जशी ठेवली होती तशीच बंद होती. काल आणि आज दिवसभर आदिनाथ डिस्का काढतोय, डब्यात घालतोय, परत बसवतोय. दुपारी चार वाजता सगळ्या मशिनी चालू केल्या. एक हिरवा चौकोन. एकच!

आदिनाथनं आतला नंबर काढून बघितला. पंचवीस जागी तोच नंबर.

मी काय काय बोलले ते इथं लिहीत न्हाई. "तुला येत नसंल तर सांग, नांदेडहून माणूस बोलावते," इथपर्यंत गेले. तो म्हणाला, "ताई, मी बरोबर केलंय. कुणीतरी थोरली चालू केली." मी म्हटलं, "माझ्या घरात कोण चालू करंल? खामखा पोरींवर आळ घेऊ नकोस." त्यानं डबा तिथंच ठेवला, हेल्मेट घातलं आणि गेला. चहा सुद्धा न पिता.

पंकजा जाताना दारात थांबली. म्हणाली, "मॅडम, चौदा तारखेला सकाळीच आमचा ट्रक निघायलाय." ती गेल्यावर दार लावून रडले.

९ नोव्हेंबर

आज हसावं की डोकं फोडून घ्यावं!

झोप लागेना म्हणून उजाडता उजाडता उठले. लॅबमधून वंदनेचा आवाज. म्हटलं, पंकजा एवढ्या पहाटे? आज तर रविवार. जाऊन बघते तर थोरलीसमोर आत्याबाई! पदर डोक्यावर, हात जोडलेले, डोळे मिटलेले. वंदना संपल्यावर त्यांनी माउस असा सफाईनं फिरवला, खिडकी बंद केली, मशीन बंद केली, की मी दारातच थिजले.

"आत्याबाई! तुमाला हे कवापासून यायलंय?"

"व्हय की. पंकजानं शिकवलंय. पोळा झाला तवापासून मीच लावते रोज." आणि मग अगदी सहज म्हणाल्या, "आज बरी लवकर उठली ही. परवा तू परभणीला गेल्तीस ना, त्या दिशी लय येळ लावला बाई तिनं उठायला. कायबाय गोल गोल फिरत होतं. मी म्हटलं, उठ माय, वंदना राहिली."

मी तिथंच खुर्चीत बसले. कोरी थोरली, तिला पहिल्यांदा जागं केलं आत्याबाईंनी. तिनं झकास नवी ओळख तयार केली, वंदना ऐकली आणि झोपली. मग आदिनाथनं ती चोवीस ठिकाणी उतरवली.

"मग बंद कशाला केली?"

"तूच वरडतीस ना लाइट बिलावरनं."

इतकी मोठ्यानं ओरडले की सर ब्रश तोंडात धरून धावत आले. सगळं ऐकलं आणि ब्रशसकट हसले. मला म्हणाले, "सांगून ठेव म्हटलं होतं." अशा वेळी नवऱ्यानं गप राहावं.

आदिनाथला फोन केला. मी म्हटलं, "थोरली चालू केली होती एका व्यक्तीनं." "कोण व्यक्ती?" "ते महत्त्वाचं न्हाई." "माझं बरोबर होतं का?" "होतं." "नांदेडचा माणूस आला का?" बरंच छळलं मेल्यानं. शेवटी म्हणाला, उद्या येतो, पण तुमच्या नव्हं, आत्याबाईंच्या हातचं धपाटं पायजे.

१२ नोव्हेंबर

जमलं! जमलं! जमलं!

परवा थोरली परत कोरी केली. ह्या वेळी तिची वायरच काढून मी कपाटात ठेवली आणि किल्ली गळ्यात घातली. वंदना बंद ठेवायला आत्याबाई कबूल होईनात. म्हणून दोन्ही दिवस पोरींनी आणि त्यांनी मिळून तोंडानं म्हटली. काळ्या पडद्यांसमोर सगळ्या उभ्या, आत्याबाई पुढं. आत्याबाईंचा आवाज असा मोकळा लागतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. भिंतीशी बसलेल्या बायकाही उठून उभ्या राहिल्या.

आज दुपारी डिस्का बसल्या. सगळ्या मशिनी एकदम चालू केल्या. लय वेळ लावला त्यांनी उठायला! गोल गोल फिरायल्यात, फिरायल्यात. आत्याबाई म्हणाल्या, "हां, अस्संच करत होती त्या दिशी." मग एकेक जागी झाली. आदिनाथ प्रत्येकीचा नंबर मोठ्यानं वाचत गेला आणि पंकजा ताडून बघत गेली. वेगळा. वेगळा. हाही वेगळा! पंचविसावा वाचून झाला तेव्हा आदिनाथचा घसा बसला होता. पोरींनी परत आयांची नावं घातली. परीक्षेचा प्रोग्रॅम लावला. सर्व्हरचा पडदा हरभऱ्याच्या रानासारखा हिरवागार झाला. कुणी कुणाला बाहेर फेकलं न्हाई.

पोरींनी मला उचलायचा प्रयत्न केला. जमलं न्हाई. त्याबद्दल जास्त लिहीत न्हाई.

आदिनाथनं सहा धपाटे खाल्ले.

१३ नोव्हेंबर

लॅब पुसली, वायरी बांधल्या, पोरींना सकाळी नऊला बोलावलं. पंकजाला विचारायची हिंमत झाली न्हाई.

आमच्या मधल्या खोलीत एक पत्र्याची पेटी आणि वाकळ येऊन पडलीय. आत्याबाईंना विचारलं, हे कुणाचं? म्हणाल्या, "राहू दे, तू तुझ्या मशिनी बघ." कुणातरी टोळीवालीचं सामान सांभाळायला घेतलं असणार. घराचं गोदाम केलंय. उद्याचं होऊ दे, मग बोलते.

१४ नोव्हेंबर

सविस्तर लिहायचंय.

शुभदा मॅडम बरोबर साडेनऊला आल्या. आवाजासारख्याच आहेत, साडीला एक चुणी न्हाई. चहा नको म्हणाल्या. "प्रत्येक मशीनवर एक उमेदवार बसवा. एकही जागा रिकामी चालणार नाही."

पोरी बसल्या. गोजर नावाच्या मशीनसमोरची खुर्ची रिकामी. पंकजा न्हाई. सकाळी ट्रकचा भोंगा ऐकला होता मी. गेली बहुतेक. आता कुणाला बसवू? सर शाळेवर. मी बसू शकत न्हाई, मी केंद्रचालक. मॅडम घड्याळ बघायल्यात.

"मी बसते की," मागून आवाज आला.

आत्याबाई! पदर खोचून सरळ खुर्चीत जाऊन बसल्या. मी खुणेनं न्हाई न्हाई म्हणतेय तर माझ्याकडं बघायलाच तयार न्हाईत. मॅडमनी विचारलं, "आजी, माउस येतो का?" आत्याबाई म्हणाल्या, "तुमी पेपर लावा."

लागला पेपर. पंचवीस चौकोन हिरवे. मी मॅडमच्या मागं उभी, ओठ दाताखाली. मग मॅडमनी एक भलतंच केलं. पेपर चालू असताना नीलमच्या मशीनची नेटची वायर उपटली! चौकोन लाल. दोन मिनिटांनी वायर परत लावली. सर्व्हरनं बघितलं, ओळखलं, आणि नीलमचा पेपर जिथं थांबला होता तिथूनच सुरू झाला. शेजारच्या कुणालाही धक्का न लागता. "छान," मॅडम म्हणाल्या. एवढंच. पण मला तेवढा एक शब्द पगारासारखा वाटला.

पेपर अर्ध्यावर असताना दार ढकलून पंकजा आली. डोळे लाल, चपलांना वेशीवरचा फुफाटा. मी बाहेर ओढून विचारलं, "ट्रक?"

"गेला मॅडम. आईला सोडायला गेले होते. मी न्हाई गेले. आई म्हणाली, तू मावशीकडं ऱ्हा."

"कुठल्या मावशीकडं?"

तिनं लॅबमध्ये बोट दाखवलं. आत आत्याबाई एका बोटानं उत्तरं ठोकत होत्या. मग ती पेटी आणि वाकळ कुणाची ते मला कळलं.

साडेअकराला मॅडमनी सही केली. केंद्र मंजूर! पोरींनी जो कल्ला केला तो बाजारापर्यंत गेला असेल. निघताना मॅडम आत्याबाईंपाशी थांबल्या. वीसपैकी बारा बरोबर होते त्यांचे. आत्याबाईंनी विचारलं, "मग नोकरी कवापासून?" इस्त्रीच्या आवाजाच्या मॅडम खो खो हसल्या आणि मग दोन कप चहा पिऊन गेल्या.

रात्री विचार करत बसले. मंजुरी मिळाली साडेअकराला, ट्रक गेला त्याच्या आधी. म्हणजे गोजरबाईनं निकालाच्या आधीच पोरगी ठेवून दिली! केवढा भरवसा माझ्यावर! आत्याबाईंना तसं म्हटलं तर म्हणाल्या, "व्हय माय, तुझ्यावरच," आणि तिकडं तोंड करून हसल्या. कशाला हसल्या कुणास ठाऊक. रोज बायका आणून बसवून माझ्या कामात एवढा अडथळा केला, तरी मी जिंकले, म्हणून असेल.

२४ नोव्हेंबर

भरतीचा नवा फॉर्म आज सुटला. दुपारी पंकजा गोजरवर बसली. नाव, जात, शिक्षण, सगळं भरत खाली आली. परीक्षा केंद्राची पसंती. यादी उघडली. नांदेड, संभाजीनगर, आणि त्यांच्या रांगेत ताडकळस. सगळ्या पोरी खुर्च्या सोडून तिच्यामागं गोळा झाल्या. पंकजानं ताडकळस निवडलं आणि माउस सोडून दोन्ही हात तोंडावर ठेवले.

मग आईला फोन लावला, स्पीकरवर. गोजरबाई फडात होती, उसाच्या पाचटाचा सळसळ आवाज येत होता.

"आई, फॉर्म भरला."

"बरं झालं. कुठं जायचं परीक्षेला?"

"कुठंच न्हाई. हितंच. गावात."

तिकडं कोयत्याचा आवाज थांबला.

"कुठंच जायचं न्हाई?" गोजरबाईनं परत विचारलं.

"न्हाई आई. कुठंच न्हाई."

फोन तसाच चालू होता आणि गोजरबाई फडातल्या बायकांना ओरडून सांगत होती, "अगं सगुणे, ऐकलं का? माझ्या पोरीला कुठंच जायचं न्हाई!"